विसर्जनानंतरची पहाट

लातूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वॉर्डातलं चार वर्षांचं पोर गेलं आणि त्याच्या आईला कुणी 'मागच्या जन्मीचे भोग' म्हणून गप्प केलं, हे वाचून माझाही जीव जळला. 'मामा, तुमचा देव दयाळू आहे, तर तेव्हा तो कुठे होता?' असं तू विचारलंस. हाच प्रश्न ३० सप्टेंबर १९९३ पासून माझ्या छातीवर बसून आहे.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं दमून झोपली आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंपाने किल्लारी, सास्तूरकडची गावं भुईसपाट झाली. आम्ही चार शिक्षक तिकडे गेलो. वर पाऊस, खाली चिखल, आणि ढिगाऱ्यातून काढलेल्या पोरांच्या केसांत अजून गुलाल. एक जण सांगत होता, गावात पाप वाढलं होतं. त्याचा मला आजही राग येतो. माणसं मारली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि डोक्यावरच्या माळवदाने. कुडाच्या घरांत, गवताच्या छपराखाली निजलेले पुष्कळ वाचले. पापपुण्याचा निवाडा भिंतीची बांधणी बघून होतो का गं?

तेव्हापासून देव दुःख धाडतो, असं मी मानत नाही. तो ते अडवू का शकत नाही, हे मला उमगलेलं नाही. उमगलं असं सांगून तुला फसवणार नाही. मी तुकोबांकडे वळलो. १६३० च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. त्यांनी विठ्ठलाची वकिली केली नाही, त्याच्याशी कडाकडा भांडले. आणि आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. ज्याचं स्वतःचं घर उजाड झालं, त्याला कुळांची उपासमार दिसली. मला देवाची दया दिसते ती तिथे, त्या बुडवलेल्या कागदांत.

ड्यूटी संपल्यावरही तू त्या आईपाशी बसून राहिलीस, हे तू पत्रात एका ओळीत उरकलंस. पत्रातली तीच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे. तुला तिथे कुणी बसवलं, याचा विचार कर. माझ्यापुरता मी त्यालाच देव म्हणतो.

हात जोडवत नसतील तर जोडू नकोस. भांडावंसं वाटलं तर खुशाल भांड. दुःखात असलेल्या माणसाला मात्र कारण सांगायला जाऊ नकोस, माझंसुद्धा नाही. आणि त्या बाईचं गाव ठाऊक असेल तर महिन्याभराने एकदा जाऊन ये. तोवर भेटायला येणारी माणसं थांबलेली असतात.

तुझा,
मामा