नवजात बालकाचे पहिले अठ्ठावीस दिवस : इयत्ता सातवीसाठी एक पाठ

जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी जितकी बालके वयाचे एक वर्ष पूर्ण होण्यापूर्वी दगावतात, त्या संख्येस अर्भकमृत्युदर असे म्हणतात. भारतात १९७१ साली हा दर १२९ होता. २०२० सालच्या नमुना नोंदणी पाहणीत तो २८ आढळला. त्याच वर्षी महाराष्ट्राचा दर १६, तर केरळचा ६ होता. प्रगती झाली यात संशय नाही. तथापि केरळात जी बालके वाचतात ती आपल्याकडेही वाचू शकतात, हेही या आकड्यांवरून उघड होते. दुसरी गोष्ट अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे. देशातील त्या २८ मृत्यूंपैकी २० मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतच घडलेले होते. म्हणजे धोक्याचा काळ थोडा आहे, आणि त्यातील बराचसा काळ बालक रुग्णालयात नव्हे, तर घरी असते.

हे काम आरोग्य खात्याचे आहे, शाळेचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न काही शिक्षकबंधुभगिनींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्याच राज्यातील गडचिरोली जिल्ह्याने दिले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. १९९३ पासून त्यांनी ३९ गावांत नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा प्रयोग केला आणि तुलनेसाठी ४७ गावांतील जन्ममृत्यूंची नोंद ठेवली. गावातीलच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्यास ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे व त्यावर उपचार करणे ही कामे त्या शिकल्या. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर आरंभी दर हजारी ६२ होता. तो १९९७-९८ पर्यंत सुमारे २५ वर आला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९९ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि २०११ पासून याच धर्तीवर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या.

या यशाच्या मुळाशी शिक्षणाची एक कल्पना आहे. ज्या सुईणींना मोठी संख्या मोजता येत नसे, त्यांच्यासाठी गडचिरोलीत एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी असलेले साधन तयार करण्यात आले होते. जे ज्ञान मण्यांच्या साहाय्याने देता आले, ते सातवीच्या मुलामुलींना देणे आपणास अवघड नाही. शिवाय नव्या बाळाची थोरली बहीण किंवा भाऊ आपल्याच वर्गात बसलेला असतो. पुढील पाठ दोन तासिकांचा आहे.

पाठाचा उद्देश : अर्भकमृत्युदर काढता येणे, नवजात बालकाची निगा समजणे व धोक्याची लक्षणे सांगता येणे.

साहित्य : सेकंदकाटा असलेले घड्याळ, कापडाची बाहुली, सुती फडके, टोपडे, फळा.

पहिला टप्पा : गणित. कांद्याचा क्विंटलचा भाव तोंडपाठ असलेल्या लासलगाव परिसरातील मुलांना दर या शब्दाची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. फळ्यावर उदाहरण लिहावे. समजा, एका आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात वर्षात ५०० जिवंत जन्म झाले व एका वर्षाखालील ८ बालके दगावली. तर दर हजारी प्रमाण किती? उत्तर १६ येते. त्या ८ पैकी ६ बालके पहिल्या २८ दिवसांत गेली असतील, तर ती तीन चतुर्थांश होतात. यानंतर ४० जन्म व १ मृत्यू असलेल्या लहान गावाचा दर काढावयास सांगावा. तो २५ येतो. जन्म थोडे असता एका मृत्यूनेही दर फार बदलतो, म्हणून एका वर्षाच्या आकड्यावरून गावास नावे ठेवू नयेत, हे मुलांना समजावून द्यावे.

दुसरा टप्पा : ऊब. निफाड तालुक्याची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. पौष महिन्यातील पहाट मुलांना आठवावयास सांगावी. नवजात बालक, विशेषतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बालक, स्वतःची ऊब फार वेळ राखू शकत नाही. म्हणून त्यास जन्मतःच पुसून कोरडे करावे, आईच्या उघड्या छातीशी धरावे, डोक्यास टोपडे घालावे व निदान पहिले २४ तास न्हाऊ घालू नये. ही कृती मुलांनी बाहुलीवर करून दाखवावी. बंद खोलीतील शेगडीचा धूर बाळाच्या श्वासास अपायकारक असतो, हेही सांगावे.

तिसरा टप्पा : आहार व स्वच्छता. जन्मानंतर पहिल्या तासातच बाळास अंगावर पाजावे. पहिले चिकाचे दूध कोठे कोठे पिळून टाकतात. वस्तुतः रोगप्रतिकाराची शक्ती त्याच दुधात भरपूर असते. मध, गुळाचे पाणी किंवा गुटी देऊ नये. सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. नाळेवर हळद, राख, तेल असे काहीही लावू नये. बाळास घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत.

चौथा टप्पा : श्वास मोजणे. मुलांनी जोडीने बसून एकमेकांचे एका मिनिटातील श्वास मोजावेत व वहीत लिहावेत. आपल्यापेक्षा बाळाचा श्वास जलद असतो, हे सांगावे. दोन महिन्यांखालील बालक शांत असताना मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास भरले, तर पुन्हा एकदा मोजावे. तितकेच आले तर तो धोका समजावा. पुढील यादी फळ्यावर लिहावी : दूध ओढणे बंद होणे, श्वास जलद होणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, हातपाय गार पडणे, ताप, झटके, अंग ढिले पडणे. यांपैकी एक लक्षण दिसले तरी उद्याची वाट पाहू नये. आशाताईस कळवावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि वाटेतही बाळ आईच्या छातीशीच असावे.

गृहपाठ : धोक्याची लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहून घरी दर्शनी जागी लावावीत. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी येते. हे दिवस घरच्या मंडळींस सांगावेत.

हा पाठ घेताना दोन पथ्ये पाळावीत. कोणाच्या घरी बाळ गेले, हे वर्गात कधीही विचारू नये. ज्या मुलाच्या घरी असे दुःख नुकतेच घडले असेल, त्यास आधी जवळ घेऊन बोलावे व पाठाच्या वेळी बाहेरचे एखादे काम द्यावे. तसेच घरातील वडीलधाऱ्यांची चूक काढण्याची भाषा मुलांच्या तोंडी घालू नये. आजीस दोष दिला तर ती ऐकणार नाही. नातीने विश्वासाने सांगितले तर ऐकण्याचा संभव अधिक.

द्राक्षे व कांद्याच्या हंगामात सुरगाणा, पेठ या भागांतून मजूर कुटुंबे आपल्या तालुक्यात येतात. मळ्यावरच्या खोपटात जन्मलेले किंवा तान्हेपणी तेथे आलेले बाळ गावच्या यादीत नसते; पण त्याची वार्ता शेजारच्या विद्यार्थ्यास प्रथम लागते. अशी वार्ता शिक्षकांस सांगण्याची सवय मुलांना लावावी व ती त्याच दिवशी आशा किंवा अंगणवाडी सेविकेस पोहोचवावी.

शेवटी, शाळेत दर आठवड्यास दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळीविषयी. आज सातवीत असलेली मुलगी उद्याची माता आहे. रक्तक्षय घेऊन ती वाढली, अथवा अठरा वर्षांपूर्वी तिचे लग्न झाले, तर तिचे बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. म्हणून गोळी वाटून नोंद पुरी केली एवढ्यावर थांबू नये. ती जेवणानंतर आपल्यासमक्ष घेतली जाते हे पाहावे. वरील पाठ प्रत्येक शाळेने थंडी सुरू होण्यापूर्वी घ्यावा, त्या वेळी आशाताईस वर्गात बोलवावे, आणि मुलांनी विचारलेले प्रश्न केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडावेत.