राजा छाप तिकिटे : रद्दीच्या काट्यावर घालण्याआधी माल ओळखा

व्यापारी बंधूंनो, मालवण, वेंगुर्ला, बांदा, सावंतवाडी या भागात जुनी कौलारू घरे पाडून त्या जागी स्लॅबची घरे उभी राहत आहेत. घर पाडताना माळ्यावरून हमखास एखादी पत्र्याची ट्रंक खाली येते. तिच्यात आजोबा-पणजोबांच्या चोपड्या, हुंड्या, दस्त आणि सुतळीने बांधलेले पत्रांचे गठ्ठे असतात. घाई असते, मजूर खोळंबलेले असतात, आणि सगळा गठ्ठा रद्दीवाल्याच्या काट्यावर जातो. कापडाचे थान न उलगडता आपण कधी विकत नाही. मग वाडवडिलांचे कागद न उलगडता का विकावेत? त्या कागदांवर चिकटलेली राजा-राणीच्या काळातली टपाल तिकिटे हा एक माल आहे. त्याला बाजार आहे आणि शौकीन गिऱ्हाईकही आहे. तो ओळखायचा कसा आणि त्याचा व्यवहार करायचा कसा, याची माहिती या लेखात देत आहे.

राजा छाप म्हणजे नेमके काय?

जुन्या तिकिटांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार इंग्रज सरकारच्या तिकिटांचा. आशिया खंडातले पहिले चिकटवायचे तिकीट १८५२ साली सिंधमध्ये बार्टल फ्रिअर यांनी काढले. ते 'सिंध डाक' या नावाने ओळखले जाते आणि त्याची किंमत अर्धा आणा होती. १८५४ साली सबंध हिंदुस्थानसाठी राणी व्हिक्टोरियाची तिकिटे निघाली. पुढे एडवर्ड सातवे, जॉर्ज पाचवे आणि जॉर्ज सहावे यांची तिकिटे आली. १८५४ चे चार आण्याचे तिकीट दोन रंगांत होते, म्हणून कागद दोनदा छापावा लागे. त्यात काही तिकिटांवर राणीचे डोके उलटे छापले गेले. छापखान्याची ही चूक आज जगातल्या नामांकित दुर्मिळ तिकिटांत गणली जाते.

दुसरा प्रकार संस्थानांच्या तिकिटांचा. काही संस्थानांची स्वतःची टपाल व्यवस्था होती. आजच्या महाराष्ट्रात भोर संस्थानाने १८७९ साली अर्ध्या आण्याचे आणि एक आण्याचे तिकीट काढले. ती तिकिटे देशी कागदावर हाताने ठसा मारून तयार केलेली होती. १९०१ साली पंतसचिव शंकरराव यांच्या चित्राचे तिकीट निघाले. इंदूरच्या होळकरांची स्वतःची तिकिटे होती. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी १८८५ पासून इंग्रजी तिकिटांवर आपले नाव छापून ती वापरली. हैदराबाद, भोपाळ, जुनागड या मुस्लिम संस्थानांची तिकिटेही प्रसिद्ध आहेत.

तिसरा प्रकार परदेशी राजांच्या तिकिटांचा. आपल्या कोकणपट्टीला हा प्रकार सर्वांत जवळचा आहे.

आपल्या ट्रंकेत काय निघू शकते?

सावंतवाडी संस्थानाने टपाल तिकिटे काढली नाहीत, तिथे इंग्रजी टपाल चालत असे. पण संस्थानाचे कोर्ट फी स्टँप आणि स्टँप पेपर होते. जंजिऱ्याच्या नवाबांचेही असे स्टँप होते. जमिनीच्या आणि कर्जाच्या जुन्या दस्तांवर ते सापडतात. असे स्टँप जमा करणारा शौकिनांचा वेगळा वर्ग आहे.

गोवा तर आपल्या उंबऱ्याला लागून. म्हापसा, पणजीच्या पेढ्यांशी बांदा, वेंगुर्ल्याच्या दुकानदारांची देवघेव जुनी आहे. पोर्तुगीज सरकारने गोव्यासाठी तिकिटे १८७१ साली सुरू केली. राजा लुईस आणि राजा कार्लोस यांच्या चेहऱ्यांची तिकिटे रैस आणि तांगा या चलनात होती. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली. त्यानंतर राजाच्याच तिकिटांवर 'रिपब्लिका' हा शब्द छापून ती चालवली गेली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि हा कारभार संपला.

आणि आपली माणसे समुद्रापार गेली, ती वाट विसरून चालणार नाही. झांजिबारमध्ये १८९५ साली हिंदुस्थानच्या तिकिटांवर 'झांजिबार' छापून ती वापरली गेली, आणि पुढच्याच वर्षी सुलतान हमद बिन थुवैनी यांच्या चित्राची तिकिटे आली. कुवेतमध्ये १९२३ पासून आणि बहरीनमध्ये १९३३ पासून हिंदुस्थानच्या जॉर्ज बादशहाच्या तिकिटांवर त्या मुलखाचे नाव छापलेले असे. मस्कतमध्ये १९४४ साली सुलतानांच्या घराण्याला दोनशे वर्षे झाली, तेव्हा हिंदुस्थानी तिकिटांवर अरबी मजकूर छापला गेला. म्हणून दुरून पाहता 'हे तर आपलेच इंग्रजी तिकीट' असे वाटले, तरी त्यावरची बारीक काळी अक्षरे वाचा. तिकिटाची सारी किंमत त्या अक्षरांतही असू शकते.

किंमत कशाने ठरते?

तिकीट जुने म्हणजे महाग, हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका. जगातले पहिले टपाल तिकीट 'पेनी ब्लॅक' इंग्लंडमध्ये १८४० साली निघाले. पण ते सुमारे ६ कोटी ८० लाख छापले गेले, म्हणून ते अतिदुर्मिळ नाही. जॉर्ज पाचव्याचे साधे एक आण्याचे तिकीटही घरोघरी निघते, त्यात फारसे काही मिळत नाही. किंमत चार गोष्टींवर ठरते : माल किती कमी आहे, हालत कशी आहे, अस्सल आहे की नक्कल, आणि त्याला मागणी किती आहे.

मागणी कमी-जास्त होते, हेही लक्षात ठेवा. ब्रिटिश गियानाचे १८५६ चे एक सेंटचे तिकीट जगात एकच ज्ञात आहे. ते २०१४ साली सुमारे ९५ लाख डॉलरला विकले गेले. घेणारा अमेरिकेतला जोड्यांच्या धंद्यातला नामवंत माणूस होता. त्याने ते २०२१ साली विकले, तेव्हा सुमारे ८३ लाख डॉलर आले. जगातले सर्वांत महाग तिकीटसुद्धा सात वर्षांत घाट्यात गेले. म्हणून दुकानाचे भांडवल काढून किंवा उधारीवर पैसा उचलून तिकिटे घेऊ नका. घरात निघालेला माल नीट विकणे वेगळे आणि नफ्याच्या आशेने सट्टा करणे वेगळे.

माझ्या हातून झालेली चूक

वडिलांच्या इंतकालानंतर दुकानाच्या माळ्यावरची ट्रंक मी उघडली. आजोबांचे एक भाऊ बहरीनला होते, त्यांची पत्रे तिच्यात होती. पुतण्याला तिकिटांचा नाद होता. मी कौतुकाने सगळी तिकिटे कोमट पाण्यात भिजवून सोडवली, पुसली, पुस्तकात दाबून वाळवली आणि रिकामी पाकिटे बंबात घातली. पुढे मुंबईत एका जाणकार व्यापाऱ्याला ती दाखवली. त्याने पहिला प्रश्न विचारला, "चाचा, पाकिटे कुठे आहेत?" मी सांगितल्यावर तो गप्प झाला. त्याने समजावले की सुटे तिकीट फक्त तिकीट असते. पाकिटावर पाठवणाऱ्याचे गाव, घेणाऱ्याचे गाव, निघाल्याचा आणि पोहोचल्याचा शिक्का, तारीख असे सगळे असते. बहरीनहून आपल्या किनाऱ्याच्या गावी आलेले पाकीट शौकिनाला हवे असते, कारण तसे दुसरे सहज मिळत नाही. सुट्या तिकिटांचे त्याने दिले ते पैसे परतीच्या एस. टी. भाड्यालाही पुरले नाहीत. पैशाचे दुःख नाही. पण त्या माणसाच्या हातचा पत्ता आणि त्याच्या प्रवासाची निशाणी मी स्वतःच्या हाताने जाळली.

म्हणून पहिला आणि शेवटचा नियम एकच : पाकिटावरचे तिकीट सोडवू नका.

उर्दू वाचणाऱ्यांचे भांडवल

या धंद्यात एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. हैदराबादच्या तिकिटांवरचा मुख्य मजकूर फारसी-उर्दू लिपीत आहे. तिथे १८६९ पासून तिकिटे निघाली, आणि १९५० च्या एप्रिलमध्ये ते टपाल खाते भारत सरकारच्या टपालात विलीन झाले. १९३१ च्या मालिकेत चारमिनारबरोबर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आणि दौलताबादचा मिनारही आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे महाराष्ट्रात ही तिकिटे निघणे नवलाचे नाही.

भोपाळच्या जुन्या तिकिटांवर मध्यभागी नवाब शाहजहाँ बेगम यांचे नाव उर्दूत उठावाच्या ठशाने उमटवलेले आहे आणि कडेने इंग्रजी अक्षरे आहेत. एका पानावरचे प्रत्येक तिकीट वेगळे हाताने रेखाटलेले असल्यामुळे इंग्रजी स्पेलिंगच्या चुका झाल्या. 'बेगम'चे कुठे 'बेगन' झाले. शौकीन लोक अशा चुकाच शोधत असतात. मुंबईतल्या अनेक मोठ्या संग्राहकांना उर्दू येत नाही. मजकूर आणि हिजरी सन वाचून देणारा माणूस त्यांना लागतो. ज्याने उर्दू शाळेत चार इयत्ता काढल्या, त्याच्याजवळ हे इल्म फुकट पडून आहे. मुलांना ही लिपी शिकवण्याचे हे एक रोकडे कारण समजा.

जपणूक कशी करावी?

आपली हवा दमट. कापडाला जी बाधा होते, तीच कागदाला होते.

१. पावसाळ्यात गठ्ठा उघडू नका. तिकिटामागचा गोंद ओलीने सुटतो किंवा दुसऱ्या कागदाला चिकटतो.

२. घामट बोटांनी तिकीट धरू नका. सपाट टोकाचा चिमटा वापरा.

३. सेलोटेप, डिंक, लॅमिनेशन पूर्ण वर्ज्य. सेलोटेपचा पिवळा डाग कायमचा राहतो.

४. तिकिटे बटर पेपरच्या पाकिटांत ठेवा. ट्रंक जमिनीवर किंवा भिंतीला लागून ठेवू नका. वाळवी आणि कसर यांच्यासाठी वरचेवर पाहणी करा.

५. मळलेले तिकीट धुऊ नका, कडेचे दाते कात्रीने सारखे करू नका. आपण कापड उजेडात धरून वीण पाहतो, तसा जाणकार तिकिटाच्या कागदातली छाप आणि कडेची भोके पाहतो. दुरुस्ती केलेला माल त्याला लगेच कळतो.

व्यवहाराचे नियम

पहिली गोष्ट वारशाची. ट्रंक ज्याच्या घरात निघाली तो तिचा एकटा मालक होत नाही. कागद वडिलांचे असतील तर बहिणींचाही त्यात हिस्सा आहे. विकण्याआधी सर्वांना सांगा, आणि पैसे येतील ते शरियतप्रमाणे वाटा. 'कागदच तर आहेत' म्हणून बहिणीला डावलू नका.

दुसरी गोष्ट परखण्याची. काही संस्थानांच्या तिकिटांच्या नकला आणि मागाहून काढलेल्या छपाया बाजारात भरपूर आहेत. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसात फिलाटेली ब्युरो आहे, तिथे येणाऱ्या जुन्या संग्राहकांशी ओळख करून घ्या. एकाच्या भावावर विकू नका, निदान तिघांना दाखवा. माल टपालाने पाठवण्याआधी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ठेवा.

तिसरी गोष्ट इमानदारीची. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतून धान्य ओले निघाले, आणि त्यांनी त्या व्यापाऱ्याला खडसावले, हा प्रसंग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तिकिटाच्या मागे फाटलेले असेल, डाग झाकलेला असेल, नक्कल असल्याचा संशय असेल, तर गिऱ्हाइकाने विचारण्याआधी सांगा. तसेच घेताना एखाद्या विधवेच्या घरचा मौल्यवान माल, तिला कळत नाही म्हणून रद्दीच्या भावाने उचलू नका. तो नफा घरात बरकत आणणार नाही.

चौथी गोष्ट कायद्याची. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर १९७२ च्या कायद्याने बंधने आहेत. परदेशातल्या गिऱ्हाइकाशी सौदा करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. आणि जी तिकिटे विक्रीच्या इराद्याने खरेदी केली, ती दुकानातल्या इतर मालाप्रमाणे जकातीच्या हिशेबात धरा.

दहा ट्रंकांपैकी नऊमध्ये विकण्याजोगे काही निघणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण त्या नऊंमध्येही आपल्या बुजुर्गांचा कारोबार, त्यांचे दर, त्यांची उधारी, त्यांची खुशाली लिहिलेली असते. एक दुपार काढा, मुलांना जवळ बसवा, गठ्ठा सोडा आणि एकेक पाकीट वाचा. त्यानंतरही जे नकोसे वाटेल, ते खुशाल रद्दीवाल्याला द्या.