मृत्युप्रमाणाची तुलना

अमेरिकेंत अंडाशयाच्या कर्करोगानें दर लाख स्त्रियांमागें वर्षाला सुमारें 6 स्त्रिया दगावतात. तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्था हा आंकडा व त्याशेजारीं प्रत्येक काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, आंकडा प्रसिद्ध करिते. आतां आपण 10,000 स्त्रियांची एक लहान काउंटी कल्पूं. राष्ट्रीय प्रमाणानें तेथें पांच वर्षांत तीनच मृत्यू व्हावयाचे. एखाद्या वर्षीं एक स्त्री दगावली कीं प्रमाण लाखास 10. पुढील वर्षीं कोणी न दगावल्यास शून्य! त्या घरचें दुःख खरेंच; परंतु तेवढ्यावरून गांवच्या पाण्यास दोष देणें आम्हांस उतावळेपणाचें वाटतें. म्हणूनच पांच वर्षांची सरासरी घेतात, आणि त्या अवधींत 16 हून कमी नोंदी असल्यास आंकडा मुळींच देत नाहींत.

हा रोग बहुधा उतारवयांत गांठतो. वृद्ध स्त्रिया जेथें अधिक, तेथें मृत्यूहि अधिक दिसणारच. यासाठीं प्रत्येक काउंटीचा आंकडा सन 2000 मधील अमेरिकन लोकसंख्येच्या वयोमानास जुळवून मग तुलना करितात.

राष्ट्राचें प्रमाण कित्येक वर्षें उतरत आलें आहे. एखाद्या काउंटीपुढें ‘स्थिर’ असें लिहिलेलें आढळल्यास ती मागें पडली असें मात्र समजूं नये. मृत्यू थोडे असले म्हणजे खरा उतारहि आंकड्यांत ओळखूं येत नाहीं.