परदेशातले घर, येलदरीचे घर आणि मधले वायफाय : नवागतांसाठी मार्गदर्शन

जिंतूर तालुक्यातल्या येलदरीहून, परभणीहून किंवा मराठवाड्यातल्या अशाच एखाद्या गावाहून पहिल्यांदा परदेशी निघालेल्यांसाठी हे टिपण आहे. न्यू जर्सी, लंडन, म्युनिक, दुबई, सिडनी अशा ठिकाणी स्थिरावलेली मराठी कुटुंबे नव्याने येणाऱ्यांना जे पुन्हा पुन्हा सांगतात, ते इथे एकत्र केले आहे. त्या सगळ्यांचे एका गोष्टीवर एकमत आहे: घरचे नेट दोन्ही टोकांना नीट लावावे लागते. कालव्याला पाणी कितीही सोडले तरी शेवटच्या चारीचे तोंड जेवढे, तेवढेच शेतात उतरते. व्हिडिओ कॉलचेही तसेच आहे. तुमच्याकडे ५०० एमबीपीएसची लाइन असली आणि येलदरीच्या घरात रेंज अडखळत असली, तर आईचा चेहरा पडद्यावर थिजणारच.

निघण्यापूर्वी

भारतातला राउटर सामानात घेऊ नका. बहुतेक देशांत कंपनी जोडणीबरोबर आपला डबा देते किंवा कोणते मॉडेल चालेल याची यादी देते. लॅपटॉप आणि फोनचे चार्जर मात्र न्या. त्यांवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल, तर अमेरिकेच्या १२० व्होल्टवरही ते चालतात, फक्त पिन बदलावी लागते. भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवा, कारण बँकेचे आणि गावाकडच्या नेटच्या रिचार्जचे ओटीपी त्यावरच येतात.

जोडणी घेताना

अमेरिकेत काही केबल कंपन्या मोडेम आणि राउटरचे दरमहा भाडे लावतात. दोन-तीन वर्षे एकाच ठिकाणी राहणार असाल, तर कंपनीच्या मान्य यादीतला मोडेम विकत घेणे बहुधा स्वस्त पडते. नव्याने आलेल्यांचा तिथे पतइतिहास नसतो, म्हणून काही कंपन्या अनामत मागतात. जोडणी घेताना ते आधीच विचारून घ्या.

ब्रिटनमध्ये राउटर सहसा जोडणीबरोबर येतो, मात्र करार १८ किंवा २४ महिन्यांचे असतात. घर सहा महिन्यांसाठीच असेल तर महिन्या-महिन्याची योजना शोधा. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःच्या पसंतीचा राउटर लावण्याचा कायदेशीर हक्क आहे. भाड्याच्या खोलीत किंवा विद्यापीठाच्या वसतिगृहात मात्र स्वतःचा राउटर लावायला परवानगी लागू शकते.

संयुक्त अरब अमिरातीत जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे व्हॉट्सॲपवर संदेश जातात, पण आवाजी आणि व्हिडिओ कॉल चालत नाहीत. परवाना असलेले बोटिमसारखे ॲप वापरावे लागते. ते येलदरीच्या फोनवरही निघण्याआधीच घालून ठेवा आणि घरच्यांकडून एकदा चालवून घ्या.

पहिल्या दिवशीची मांडणी

मोडेम बाहेरची लाइन घरात आणतो आणि राउटर ती घरभर वाटतो. काही ठिकाणी दोन्ही एकाच डब्यात असतात. वेगळे असतील तर आधी मोडेम चालू करा, दिवे स्थिर झाले की केबल राउटरच्या वेगळ्या रंगाच्या खाचेत लावा आणि मग राउटर चालू करा.

राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर सुरुवातीचे नाव, पासवर्ड आणि मांडणीचा पत्ता असतो. हा पत्ता बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. तिथे पोचल्यावर चार गोष्टी त्याच दिवशी करा.

१. मांडणीचा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड, दोन्ही बदला. वायफायचा पासवर्ड किमान १२ अक्षरांचा ठेवा.
२. सुरक्षेत डब्ल्यूपीए३ निवडा. जुनी उपकरणे जुळत नसतील तर डब्ल्यूपीए२ चालेल, त्याहून जुने काही नको.
३. वायफायच्या नावात आडनाव किंवा फ्लॅटचा नंबर घालू नका.
४. राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि आपोआप अद्ययावत होण्याची सोय चालू ठेवा.

पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क ठेवणे चांगले. पण टीव्ही एका नेटवर्कवर आणि फोन दुसऱ्यावर असेल, तर फोनवरचे चित्र टीव्हीवर जात नाही. नव्या घरांत ही तक्रार फार ऐकू येते, आणि दोन्ही उपकरणे एकाच नेटवर्कवर आणली की ती मिटते.

राउटर कुठे ठेवावा

घराच्या मध्यभागी, कमरेच्या वर, उघड्यावर. कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा जमिनीवर नको. अमेरिकेतली घरे बहुतेक लाकडी सांगाड्याची असतात आणि त्यांच्या पातळ भिंतींतून वायफाय बरे जाते. ब्रिटनच्या जुन्या विटांच्या घरांत दुसऱ्या खोलीतच रेंज उतरते.

२.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, पण तिच्यावर गर्दी असते आणि मायक्रोवेव्ह चालू झाला की ती बिघडते. या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून त्यांतलाच एक निवडा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण भिंतीत लवकर विरते. टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर ठेवा. प्रिंटर, दिवे आणि जुने फोन २.४ वर राहू द्या.

टीव्ही, मालिका आणि घरचे व्हिडिओ

फुल एचडी चित्रासाठी एका पडद्याला साधारण ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी साधारण १५ एमबीपीएस लागतात. चौघांच्या घराला १०० एमबीपीएस पुरतात. मोठ्या आकड्याच्या जाहिरातीमागे जाऊ नका. शक्य असेल तिथे टीव्हीला थेट केबल लावा. बऱ्याच टीव्हींची खाच १०० एमबीपीएसचीच असते, पण फोर-केला ती भरपूर होते.

भारतात घेतलेली मालिकांची वर्गणी परदेशात जशीच्या तशी चालेलच असे नाही, कारण कार्यक्रमांचे हक्क देशानुसार वेगळे असतात. झी५ अमेरिकेत २०२१ च्या जूनमध्ये सुरू झाले, आणि तिथली वर्गणी तिथूनच घ्यावी लागते. वर्षाचे पैसे भरण्याआधी महिनाभर चालवून पाहा.

लग्नाचे, बारशाचे, शेतातले व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये असतील तर राउटरच्या यूएसबी खाचेत तो लावून घरातल्या टीव्हीवर पाहता येतात. जुना लॅपटॉप असेल तर त्यावर प्लेक्स किंवा जेलीफिन घाला. घरातला प्रत्येक पडदा तोच संग्रह पाहू शकतो आणि त्याला बाहेरचे नेट लागत नाही. असा संग्रह येलदरीच्या घरी ठेवून परदेशातून उघडण्याचा बेत मात्र बऱ्याचदा फसतो. भारतातल्या अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांमध्ये वाटून देतात, त्यामुळे बाहेरून त्या घरापर्यंत थेट पोचता येत नाही. त्यापेक्षा सगळ्या व्हिडिओंची एक प्रत बरोबर न्या आणि एक गावी ठेवा.

येलदरीचे घर

हे काम विमानाच्या तिकिटाआधी करा. गल्लीत कोणाकडे कोणते नेट आहे आणि रात्री आठ ते दहा या वेळेत ते कसे चालते, हे विचारा. फायबर पोचत असेल तर तेच घ्या. नसेल तर ज्या कंपनीची रेंज घरात सगळ्यात चांगली, तिचा घरगुती वायरलेस पर्याय घ्या. वेग तपासताना अपलोडही पाहा, कारण आईबाबांचा चेहरा तुमच्यापर्यंत अपलोडवरूनच येतो. व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात, पण ते सतत मिळायला हवेत.

माळवदाच्या घराच्या जाड मातीच्या भिंती वायफाय शोषून घेतात आणि पत्रे ते परतवतात. म्हणून राउटर ओसरीवर खुंटीला अडकवू नका. आईबाबा जिथे बसतात त्याच खोलीत ठेवा. आतल्या खोलीत हवेच असेल तर तिथपर्यंत केबल ओढून दुसरा डबा लावा.

पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे वीजकेंद्र आहे, पण ती वीज राज्याच्या जाळ्यात जाते. गावातल्या घराचा पुरवठा आपल्या फीडरवरच अवलंबून असतो. म्हणून राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या. राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर पाहून जुळणाराच घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे विसरू नका. मृगाच्या विजा कडाडू लागल्या की राउटरची पिन काढून ठेवायची, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

जोडणी कोणाच्या नावावर आहे, ग्राहक क्रमांक काय, रिचार्ज कधी संपतो आणि लाइनमनचा फोन कोणता, हे एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवा. रिचार्ज तुम्ही परदेशातून भरा. घरच्यांना एवढेच शिकवा: नेट गेले की पिन काढायची, मिनिटभर थांबायचे, पुन्हा लावायची. “नेट बंद होणार आहे, ओटीपी सांगा” असा फोन आला तर काही न सांगता ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवायचे.

वेळ ठरवा

येलदरीत सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे दहा असतात, हिवाळ्यात नऊ. गावात सकाळी नेटवर गर्दी कमी असते, म्हणून अमेरिकेतली बरीच घरे हीच वेळ धरतात. दुबई फक्त दीड तास मागे आहे, तेव्हा तिथल्यांनीही गावची रात्रीची गर्दीची वेळ टाळून सकाळीच बोलावे.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात घराबाहेर जाऊन, मोबाइल डेटावरून, येलदरीच्या राउटरवर असलेल्या आईबाबांच्या फोनशी अर्धा तास व्हिडिओवर बोला. मध्ये एकदा वीज बंद करून पाहा. तो कॉल तुटला नाही, की गावाकडचे टोक तयार झाले असे समजा आणि मगच बॅग भरायला घ्या.