ग्राहक सहकार आणि उघड्यावरचे संगीत

धान्याच्या वाटपाशी गाण्याचा संबंध काय, असा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडणे स्वाभाविक आहे. मुंबई ग्राहक पंचायतीच्या इतिहासात त्याचे उत्तर सापडते. १९७५ साली गुढीपाडव्याला सुरू झालेल्या या संस्थेच्या संस्थापकांत संगीतकार सुधीर फडके हेही होते. शेजारची कुटुंबे एक संघ करतात, मालाची मागणी आधी नोंदवितात, संस्था ठोक खरेदी करते आणि आलेला माल सभासद स्वतःच वाटून घेतात. दुकानाचे भाडे वाचते, जाहिरातीचा खर्च वाचतो, माल शिल्लक राहून होणारा तोटाही टळतो. स्वस्ताईचे मर्म ते हेच.

मात्र वाटपाला माणसे लागतात आणि ती ओळखीवाचून जमत नाहीत. अशी ओळख उघड्यावरचे संगीत करून देते. महाडला वीरेश्वराच्या छबिन्यात खालूबाजा वाजू लागला की गावोगावच्या पालख्यांबरोबर माणसेही एकमेकांना भेटतात. त्या ओळखीवर पोलादपूरच्या डोंगरातील नाचणी-वरीची आठवड्याची मागणी नोंदविणारा संघ आपल्याकडेही उभा राहू शकेल.

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. सभासदत्व सर्वांना खुले, हे सहकाराचे पहिले तत्त्व होय. सार्वजनिक पाणी सर्वांचे, यासाठी १९२७ साली चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्या महाडात हे तत्त्व निराळे शिकवावे लागू नये. वाजंत्री ऐकायला सारे आणि तराजूपाशी मात्र निवडक, असा सहकार नावापुरताच राहील.