हिरड्यांचे विकार व बांधावरील वनस्पती

भुसावळ तालुक्यात तापीकाठच्या काळ्या जमिनीत शेताच्या बांधावर बाभूळ व निंब ही झाडे सर्वत्र आढळतात. त्यांच्या कोवळ्या काड्यांनी दात घासण्याचा प्रघात खानदेशात पूर्वापार आहे. तथापि या वनस्पतींचा उपयोग कोठपर्यंत होतो, हे शेतकरी कुटुंबाने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

रोगाचे कारण

हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर रोज साचतो. तो वेळीच न काढल्यास त्याचे कठीण कीटण बनते. हिरडी सुजते व घासताना रक्त येते. या अवस्थेत उपचार झाल्यास हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष झाल्यास आतील हाड झिजते आणि कीड नसलेला दातही हलू लागतो. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. मधुमेही व तंबाखूसेवी व्यक्तींत हा रोग अधिक बळावतो.

साल व काडी

बाभळीच्या सालीतील टॅनिन या तुरट द्रव्याने हिरडी आवळली जाते. निंबातील द्रव्ये जंतूंच्या वाढीस अटकाव करतात. निंबयुक्त द्रवाने चुळा भरल्यास थर व सूज कमी होते, असे काही लहान प्रयोगांत दिसून आले आहे. मात्र साचलेले कीटण काढ्याने सुटत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. सालीच्या कोमट काढ्याने चूळ भरून तो थुंकून टाकावा. साल छाटलेल्या फांद्यांची घ्यावी. खोडाभोवती पूर्ण कडे काढल्यास झाड वाळते.

आहाराची जोड

क जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने हिरड्या सुजून रक्त येते. सन १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलाच्या वैद्याने अशा आजारी खलाशांना संत्री व लिंबे देऊन त्यांचा गुण सिद्ध केला. केळ्यात हे जीवनसत्त्व थोडे असते. आवळा व पेरू यांत त्याच्या अनेक पट असते. ते उष्णतेने नष्ट होत असल्यामुळे लिंबू वरण चुलीवरून उतरविल्यावर पिळावे. परसात लिंबू, पेरू व शेवगा यांचे एकेक झाड लावणे हितावह होय. मात्र पुरेसा आहार असताना येणारे रक्त केवळ फळांनी थांबत नाही.

मशेरी वर्ज्य करावी

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. तंबाखूने हिरडीतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे रक्त थांबल्यासारखे वाटते व रोग आत वाढत राहतो. शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. यास्तव घरातील स्त्रियांनी ती कटाक्षाने सोडावी.

झाडावरील रोगाची पहिली खूण दिसताच शेतकरी उपाय योजतो. हिरडीतील रक्त ही तशीच पहिली खूण होय. ती दिसताच शासकीय रुग्णालयात दात तपासून घ्यावेत. काडी, काढा व फळे यांस उपचाराची जोड मानावे, पर्याय मानू नये.