गुरूचे ऋण आणि स्वतःची दृष्टी : शिल्पकार व शिक्षक अर्न्स्ट रीटशेल



पुतळे आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. परंतु पुतळा कसा पाहावा, हे आपल्याला क्वचितच कोणी शिकविलेले असते. जयंतीच्या दिवशी आपण हार अर्पण करतो, वंदन करतो आणि परत फिरतो. त्या पुतळ्याच्या अंगावरील पोशाख, हातातील वस्तू, पायांची ठेवण, नजरेची दिशा यांतील प्रत्येक गोष्ट कोणीतरी विचारपूर्वक ठरविलेली असते. इतिहास शिकविताना आम्हाला नेहमी असे वाटत आले आहे की, ताम्रपट किंवा शिलालेख याप्रमाणेच पुतळा हाही एक दस्तऐवज आहे आणि तो वाचता आला पाहिजे. हे वाचन शिकण्यासाठी आम्ही या लेखात एकोणिसाव्या शतकातील जर्मन शिल्पकार अर्न्स्ट रीटशेल यांचे जीवन व कार्य अभ्यासासाठी घेतले आहे. ते थोर शिल्पकार होते आणि जवळजवळ तीस वर्षे शिक्षकही होते. गुरूचा आदर राखूनही गुरूपासून वेगळे कसे होता येते, याचा एक उत्तम वस्तुपाठ त्यांच्या आयुष्यात आहे.

बालपण आणि शिक्षणाची वाट

रीटशेल यांचा जन्म 15 डिसेंबर 1804 रोजी सॅक्सनी राज्यातील पुल्सनिट्झ या लहानशा गावी झाला. वडील चामड्याच्या पिशव्या व हातमोजे शिवणारे कारागीर होते. घरात दारिद्र्य होते. मुलाला चित्रकलेची ओढ होती, परंतु तिच्यासाठी खर्च करण्याची ऐपत कुटुंबात नव्हती. तरीही 1820 मध्ये हा मुलगा राजधानी ड्रेस्डेन येथील कला अकादमीत दाखल झाला. तेथे त्याने हलाखीत दिवस काढले, पण रेखाटनात प्रावीण्य मिळविले.

शिल्पकलेकडे ते वळले, ते एका कारखान्याच्या गरजेमुळे. लाउखहामर येथील लोखंडाच्या ओतशाळेचे मालक काउंट आइन्झीडेल यांना ओतकामासाठी नमुने घडविणारा माणूस हवा होता. त्यांनी या होतकरू विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भार उचलला. म्हणजे रीटशेल यांना आरंभी जी वाट मिळाली, ती कीर्तिवंत कलावंताची नव्हती. कारखान्यात नमुने करणाऱ्या कामगाराची होती. लाउखहामर हे नाव विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. लेखाच्या अखेरीस ते पुन्हा येणार आहे.

1826 मध्ये ते बर्लिनला ख्रिश्चन डॅनियल राऊख यांच्या कार्यशाळेत आले. राऊख हे त्या काळातील जर्मनीचे अग्रगण्य शिल्पकार. त्यांचे पूर्वायुष्यही ध्यानात घेण्याजोगे आहे. तरुणपणी ते प्रशियाच्या राजदरबारात सेवक म्हणून चाकरी करीत होते आणि त्या चाकरीतून सुटका झाल्यावरच त्यांना पूर्णवेळ शिल्पकार होता आले. एकेकाळचा दरबारी सेवक गुरू झाला आणि हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा त्याचा शिष्य. कला ही कुळातून येत नाही, ती शिक्षणातून आणि कष्टातून येते, हे सांगण्यास याहून वेगळा पुरावा नको.

1828 मध्ये रीटशेल यांनी बर्लिन अकादमीची स्पर्धा जिंकली. इटलीच्या प्रवासाची शिष्यवृत्ती हे तिचे पारितोषिक होते. परंतु ते प्रशियाचे प्रजाजन नसल्यामुळे ती रक्कम त्यांना मिळू शकली नाही. पुढे सॅक्सनीच्या सरकारने मदत दिली आणि 1830 मध्ये ते इटलीस गेले. गुणवत्ता सिद्ध झाल्यानंतरही एखादा नियम आडवा येतो, हा अनुभव किती जुना आहे, हे यावरून समजते.

इतिहासवाद म्हणजे काय?

रीटशेल यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळातील एक वाद समजून घेतला पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात प्राचीन ग्रीक व रोमन कलेचा आदर्श सर्वोच्च मानला जाई. थोर पुरुषाचा पुतळा करावयाचा, तर त्याला रोमन झगा पांघरावा, कारण कोट, बटणे आणि मोजे या गोष्टी क्षुद्र व क्षणिक आहेत, अशी समजूत होती. थोर माणूस काळाच्या पलीकडचा दिसावा, हा त्यामागील हेतू.

एकोणिसाव्या शतकात दुसरा विचार बळावला. माणूस त्याच्या काळाने घडतो. म्हणून त्याला त्याच्या काळात, त्याच्या खऱ्या वेषात दाखविणे हेच सत्य होय, असे हा विचार सांगतो. प्रत्येक युगाचा स्वतंत्र अभ्यास करून त्याची रूपे कलेत आणण्याच्या या व्यापक प्रवृत्तीला कलेच्या इतिहासात इतिहासवाद म्हणतात. राऊख जुन्या आदर्शात वाढलेले. मात्र आपल्या कामात त्यांनी दोन्ही पद्धती वापरल्या. रीटशेल यांनी मात्र पोशाखाच्या प्रश्नावर हळूहळू ठाम भूमिका घेतली.

लेसिंग : झग्याविना उभा माणूस

या भूमिकेचा पहिला मोठा आविष्कार म्हणजे ब्राउन्श्वाइग येथील गोटहोल्ड एफ्राइम लेसिंग यांचा पुतळा. लेसिंग हे नाटककार व समीक्षक होते. धर्माधर्मांतील सहिष्णुतेचा पुरस्कार करणारे ‘नाथान द शहाणा’ हे त्यांचे नाटक जगप्रसिद्ध आहे. त्यांचे जन्मगाव कामेन्झ हे रीटशेल यांच्या पुल्सनिट्झपासून जवळच आहे.

1853 मध्ये अनावरण झालेल्या या पुतळ्यात लेसिंग आपल्या काळातील साधा कोट, आखूड विजार आणि मोजे घालून उभे आहेत. खांद्यावर झगा नाही. त्या काळातील शिल्पकार आधुनिक पोशाख दाखवितानाही वरून एक सैल झगा टाकीत असत. त्यामुळे वस्त्राच्या चुण्या भव्य दिसत आणि शरीररचनेतील उणिवाही झाकल्या जात. रीटशेल यांनी ती सोय नाकारली. ज्या माणसाने आयुष्यात कधी कशावर पांघरूण घातले नाही, त्याच्या पुतळ्यावर पांघरूण कशाला, अशी त्यांची धारणा होती. हा केवळ पोशाखाचा निर्णय नव्हता; तो लेसिंग यांच्या विचारांवरील अभिप्राय होता.

वायमार : गुरूच्या जागी शिष्य

वायमार नगरीत गटे आणि शिलर या दोन महाकवींचे एकत्र स्मारक उभारावयाचे ठरले, तेव्हा काम प्रथम राऊख यांच्याकडे गेले. त्यांनी दोघांना प्राचीन वेषात दाखविणारा नमुना केला. बव्हेरियाचे माजी राजे लुडविग पहिले हे स्मारकासाठी ब्राँझ देणार होते. त्यांनी कवींना त्यांच्या काळातील पोशाखातच दाखवावे, असा आग्रह धरला. राऊख यांना ते मान्य नव्हते, त्यांनी माघार घेतली आणि 1852 मध्ये ते काम रीटशेल यांच्याकडे आले.

येथे शिष्याची खरी परीक्षा होती. ज्या गुरूने घडविले, त्याच्याच कल्पनेच्या विरुद्ध जाणारे काम स्वीकारावयाचे होते. रीटशेल यांनी ते स्वीकारले, कारण त्यांची स्वतःची खात्री त्याच बाजूची होती. गुरूशिष्यांतील स्नेह मात्र तुटला नाही. दोघांमधील दीर्घ पत्रव्यवहार पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे.

4 सप्टेंबर 1857 रोजी वायमारच्या नाट्यगृहासमोर या स्मारकाचे अनावरण झाले. गटे यांनी एक हात शिलर यांच्या खांद्यावर ठेवला आहे. गटे यांच्या दुसऱ्या हातात विजयमाला असून शिलर तिला स्पर्श करीत आहेत. माला एकच, तिच्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न शिल्पकाराने मुद्दाम खुला ठेवला आहे. आता एक गोष्ट पाहा. प्रत्यक्षात शिलर हे गटे यांच्यापेक्षा बरेच उंच होते, परंतु पुतळ्यात दोघे समान उंचीचे आहेत. पोशाखात इतिहास जपणाऱ्या शिल्पकाराने उंचीत इतिहास बदलला! कारण येथे त्यांना दोघांची बरोबरी सांगावयाची होती. म्हणून पुतळा वाचताना दोन प्रश्न विचारावेत : येथे काय जसेच्या तसे ठेवले आहे, आणि काय बदलले आहे?

1919 मध्ये याच नाट्यगृहात जर्मनीची राष्ट्रीय सभा भरली आणि तेथे तयार झालेली राज्यघटना वायमार राज्यघटना म्हणून ओळखली गेली. पाठ्यपुस्तकातील ते नाव वाचताना नाट्यगृहासमोरील ही जोडी विद्यार्थ्यांनी आठवावी.

शिक्षक रीटशेल

1832 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापूर्वीच, रीटशेल ड्रेस्डेनच्या अकादमीत प्राध्यापक झाले. बारा वर्षांपूर्वी ज्या संस्थेत ते गरीब विद्यार्थी म्हणून आले होते, तेथेच ते शिकवू लागले आणि अखेरपर्यंत शिकवीत राहिले. वैयक्तिक आयुष्यात त्यांनी मोठी दुःखे सोसली. एकामागून एक तीन पत्नी मृत्यू पावल्या. स्वतःला फुफ्फुसांचा विकार जडला आणि उपचारासाठी त्यांना सिसिलीत हिवाळा काढावा लागला. तरीही कार्यशाळा थांबली नाही.

शिल्पकाराची कार्यशाळा कशी चालते, हे येथे सांगितले पाहिजे. प्रथम हाताएवढा लहान नमुना मातीत करतात. तो पसंत पडला की लोखंडी सांगाड्यावर ओल्या मातीत मोठी आकृती घडवितात; माती वाळून तडकू नये म्हणून ती सतत ओली ठेवावी लागते. तिच्यावरून प्लास्टरचा साचा व प्लास्टरची प्रत तयार होते. त्यानंतर ती प्रत ओतशाळेत जाते आणि तेथे ब्राँझचे ओतकाम होते. हे एकट्याचे काम नाही. विद्यार्थी आरंभी सांगाडे बांधतो, माती मळतो, मापे घेतो, मग वस्त्राच्या चुण्या करतो आणि शेवटी चेहऱ्याला हात लावतो. असे टप्प्याटप्प्याने शिकलेले हातच पुढे स्वतंत्र होतात.

वर्म्स : शिष्यांनी पूर्ण केलेले काम

रीटशेल यांचे अखेरचे काम म्हणजे वर्म्स येथील मार्टिन ल्यूथर यांचे स्मारक. 1521 मध्ये याच नगरात सम्राट पाचवा चार्ल्स याच्यासमोर ल्यूथर यांनी आपले लेखन मागे घेण्यास नकार दिला होता. रीटशेल यांनी एका पुतळ्याऐवजी अनेक आकृतींचा समूह योजला. मध्यभागी उंचावर ल्यूथर आहेत. त्यांच्या पायाशी चार कोपऱ्यांत त्यांचे पूर्वसूरी बसले आहेत : ल्योनचे वाल्डो, इंग्लंडचे विक्लिफ, 1415 मध्ये जिवंत जाळले गेलेले बोहेमियाचे जान हस आणि 1498 मध्ये फ्लोरेन्समध्ये फाशी दिले गेलेले सावोनारोला. कोणतीही क्रांती एका माणसापासून सुरू होत नाही. तिच्या आधी हरलेल्यांची आणि मारल्या गेलेल्यांची रांग असते, हे या रचनेत सांगितले आहे. इतिहासाचे इतके स्पष्ट आकलन दाखविणारी स्मारके थोडीच आढळतात.

तथापि अभ्यासकाने येथेही डोळे उघडे ठेवावेत. वर्म्सच्या सभेत ल्यूथर मठवासी भिक्षूच्या वेषात होते; स्मारकात मात्र ते पुढील काळातील धर्मोपदेशकाच्या लांब अंगरख्यात आहेत, कारण लोकांच्या मनात तेच रूप ठसले होते. आणखी एक गोष्ट हे स्मारक सांगत नाही. याच ल्यूथर यांनी 1525 मध्ये बंड करणाऱ्या शेतकऱ्यांना कठोरपणे चिरडण्याचा सल्ला सत्ताधाऱ्यांना दिला होता आणि 1543 मध्ये ज्यू लोकांविरुद्ध विखारी पुस्तक लिहिले होते. पुतळा इतिहास सांगतो, तसाच तो काही इतिहास वगळतोही. वगळलेला भाग शोधणे हे आपले काम आहे.

21 फेब्रुवारी 1861 रोजी, छप्पन्नाव्या वर्षी, रीटशेल यांचे निधन झाले. ल्यूथर आणि विक्लिफ यांच्या आकृती झाल्या होत्या. बाकीच्या आकृती लहान नमुन्यांच्या व योजनेच्या रूपात होत्या. आडोल्फ डोनडोर्फ, गुस्टाफ कीट्झ आणि योहानेस शिलिंग या शिष्यांनी त्या पूर्ण केल्या. शिलिंग यांनी केलेली श्पायर नगरीची बैठी स्त्रीआकृती त्यांतीलच होय. 25 जून 1868 रोजी स्मारकाचे अनावरण झाले. त्याचे ओतकाम झाले ते लाउखहामर येथे! ज्या ओतशाळेसाठी एका गरीब मुलाच्या शिक्षणाची सोय झाली होती, तेथेच त्याचे अखेरचे काम धातूत उतरले. ते पाहण्यास तो मात्र हयात नव्हता.

हे तिन्ही शिष्य गुरूची छाया होऊन राहिले नाहीत. शिलिंग यांनी ड्रेस्डेनच्या अकादमीत अनेक वर्षे अध्यापन केले आणि र्‍हाइन नदीकाठचे भव्य नीडरवाल्ड स्मारक घडविले. डोनडोर्फ श्टुटगार्टमध्ये प्राध्यापक झाले. ड्रेस्डेनमध्ये एल्ब नदीकाठी, जेथे रीटशेल यांची कार्यशाळा होती, तेथे शिलिंग यांनी 1876 मध्ये गुरूचे स्मारक उभारले. त्यात रीटशेल यांचा अर्धपुतळा आहे आणि खाली तीन तरुण बसले आहेत : एक रेखाटन करीत आहे, एक मातीचे काम आणि एक दगडाचे. शिक्षकाच्या स्मारकात विद्यार्थी असावेत, हे शिष्याला कळले होते.

बोध

रीटशेल यांनी राऊख यांच्याकडून हात घेतला, पण डोळे स्वतःचे ठेवले. त्यांच्या शिष्यांनी त्यांचे अपूर्ण काम निष्ठेने पूर्ण केले आणि मग आपापली वाट धरली. आम्हा शिक्षकांना यातून एवढेच घ्यावयाचे आहे की, आपण गेल्यानंतरही विद्यार्थी काम पुढे नेऊ शकले, तरच आपण शिकविले असे म्हणता येईल. आणि विद्यार्थ्यांनी हे घ्यावे की, गुरूचा आदर आणि गुरूशी मतभेद या दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात. मात्र मतभेदाला अभ्यासाचा आणि खात्रीचा आधार असला पाहिजे.

विचारासाठी प्रश्न

1. लेसिंग यांच्या पुतळ्यावर झगा न घालण्याचा निर्णय त्यांच्या विचारांशी कसा जुळतो?
2. गटे व शिलर यांना समान उंचीचे दाखविणे योग्य होते काय? आपले मत सकारण लिहा.
3. वर्म्स येथील स्मारकात ल्यूथर यांचे पूर्वसूरी नसते, तर त्याचा अर्थ कसा बदलला असता?
4. आपल्या गावातील कोणताही एक पुतळा निवडा. त्याचा पोशाख, हातातील वस्तू आणि नजरेची दिशा यांचे निरीक्षण करून, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, यावर एक पान लिहा.